खडा छोटा, भूल कुठली?

संत्र्याची फोड तोंडात टाकायचा अवकाश, जबड्याखाली एका बाजूला गोळा उठतो. ताण बसतो, कळ येते आणि तासाभरात सगळं आपोआप उतरतं. पुन्हा जेवायला बसलं की पुन्हा तेच. माणूस आधी दाढेवर संशय घेतो, मग थंड पाण्यावर, आणि शेवटी ‘गाठ तर नाही ना’ या भीतीनं नागपुरातल्या धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसतो. डॉक्टर एका हाताचं बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली धरून चाचपतात, सोनोग्राफी करायला लावतात, आणि निदान बहुधा एका ओळीत संपतं: लाळेच्या नळीत खडा आहे, दुर्बिणीनं काढू.

‘दुर्बिणीनं’ म्हटलं की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. मानेवर चिरा नाही, टाके नाहीत, जमलं तर संध्याकाळी घरी. मग लगेच विचारणा होते, ‘म्हणजे पूर्ण बेहोश नाही ना करणार?’ काहींचं नेमकं उलट असतं, ‘डॉक्टरसाहेब, पूर्णच करा, मला काही कळायलाच नको.’ दोघंही एकच धरून चालतात, की ऑपरेशन छोटं तर भूल आपल्या पसंतीनं ठरवायची. हाताच्या, पायाच्या बाबतीत ते बरंचसं खपून जातं. तोंडात खपत नाही. सर्जनला जिथं काम करायचंय त्याच वाटेनं पेशंटचा श्वास चाललेला असतो, आणि या ऑपरेशनमध्ये त्या वाटेत सतत पाणी सोडावं लागतं. कुठली भूल द्यायची याचा निम्मा हिशेब या एका अडचणीत आहे. उरलेला निम्मा नागपुरात पानठेल्यावर ठरतो, त्याकडे येऊच.

आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती बनवणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या: कानाच्या पुढे गालात, जबड्याखाली आणि जिभेखाली. गालातल्या ग्रंथीची नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाच्या आतल्या बाजूला उघडते. नील्स स्टेनसेन या डॅनिश तरुणानं १६६० साली ॲमस्टरडॅममध्ये मेंढीचं डोकं चिरताना ती पाहिली. जबड्याखालच्या ग्रंथीची नळी साधारण पाच सेंटीमीटर लांब, जिभेखालच्या पडद्याच्या बाजूला उघडणारी. तिचं वर्णन लंडनच्या थॉमस व्हार्टननं त्याआधी चार वर्षं करून ठेवलं होतं. खड्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के या व्हार्टनच्या वाटेवरच सापडतात. तिथली लाळ जास्त चिकट, तिच्यात कॅल्शियम जास्त, आणि तिला गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध खालून वर चढायचं असतं. त्यात मे महिन्यातलं नागपूर. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला आणि पाणी कमी पडलं की लाळ आणखी घट्ट होते, आणि आधीच अडलेली ग्रंथी फुगून पिकायला निमित्त मिळतं.

पूर्वी खडा आत खोलवर असेल तर जबड्याखाली चिरा देऊन अख्खी ग्रंथीच काढत. चेहऱ्याच्या नसेची एक बारीक फांदी तिथूनच जाते. ती दुखावली तर खालचा ओठ एका बाजूला वाकडा पडतो. त्या ऑपरेशनला पूर्ण भूल द्यायची, यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. गंमत म्हणजे १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं ईथरची भूल पहिल्यांदा जाहीरपणे यशस्वी करून दाखवली, तेव्हा जॉन वॉरन या सर्जननं काढलेली गाठही एडवर्ड ॲबट नावाच्या तरुणाच्या डाव्या जबड्याखालचीच होती. आधुनिक भुलीची सुरुवातच या गल्लीत झाली म्हणायची.

कुठली भूल, हा प्रश्न उभा राहिला तो दुर्बीण आल्यावर. १९९० च्या सुमारास पॅरिसच्या काट्झ यांनी लाळेच्या नळीत बारीक लवचीक दुर्बीण घातली. पुढच्या दशकभरात इस्रायलचे नाहलिएली, जिनिव्हाचे मार्शाल यांनी तिची हत्यारं आणि तंत्र बसवलं. आजच्या दुर्बिणी ०.८ ते १.६ मिलिमीटर जाडीच्या असतात. सलाईन काढायला वापरतात ती अठरा नंबरची सुई सव्वा मिलिमीटरची, म्हणजे साधारण तेवढीच. एवढ्याशा नळीत प्रकाश, कॅमेरा, पाण्याची वाट आणि खडा पकडायची तारेची बारीक टोपली जाईल एवढी पोकळी, सगळं बसवलेलं. जबड्याखालच्या ग्रंथीतला चार मिलिमीटरपर्यंतचा आणि गालातल्या ग्रंथीतला तीनपर्यंतचा सुटा खडा टोपलीत धरून सरळ ओढता येतो. त्याहून मोठा असेल तर लेझरनं फोडायचा, किंवा दुर्बिणीच्या उजेडात जागा हेरून वरून छोटा छेद घ्यायचा. अगदी पुढे, जिभेखाली बोटाला लागणारा खडा असेल तर दुर्बिणीचीही गरज पडत नाही. जागा बधिर करून, नळीवर छेद देऊन तो थोड्या वेळात बाहेर येतो.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम कुठलं असं सर्जनला विचारलं तर खडा पकडणं असं उत्तर येईलच असं नाही. नळीचं तोंड सापडणं, हे येईल. ते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं, आणि जिभेखालच्या ओल्या गुलाबी सुरकुत्यांमध्ये लपलेलं. मग सर्जन बाहेरून ग्रंथी चोळतात. लाळेचा एक थेंब जिथून टपकतो ते तोंड. कधी जिभेवर लिंबाचा किंवा क जीवनसत्त्वाचा आंबटपणा लावतात, कधी मिथिलीन ब्लूचा निळा रंग पसरतात. लाळ आली की निळ्यात एक स्वच्छ ठिपका उमटतो. मग त्यात क्रमाक्रमानं जाड होत जाणाऱ्या सळया घालून वाट रुंदावायची.

इथं भूलतज्ज्ञाचा पहिला संबंध येतो, आणि तो फार गमतीचा आहे. तोंडाच्या, घशाच्या ऑपरेशनआधी ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिनचं इंजेक्शन द्यायची जुनी सवय आहे. त्यानं तोंड कोरडं पडतं आणि सर्जनला स्वच्छ दिसतं. पण इथं तेच नडतं. लाळ आटली, थेंब टपकला नाही, तर तोंड शोधायचं कशाच्या आधारानं? म्हणून ‘ग्लायको देऊ नका, निदान नळीत शिरेपर्यंत’ एवढं एक वाक्य सर्जननं आधी बोलायला हवं असतं. ते राहिलं तर टेबलावरची बरीच मिनिटं शोधण्यात जातात.

आता भुलीकडे. सगळ्यात साधी ती जागेवरची, जिला सगळे ‘लोकल’ म्हणतात. औषध बहुधा लिग्नोकेन, आपल्याकडे झायलोकेन या नावानं ओळखीचं. स्वीडनच्या नील्स लोफग्रेननं ते १९४३ मध्ये तयार केलं, त्याचा सहकारी बेंग्ट लुंडक्विस्टनं स्वतःच्या अंगावर टोचून पाहिलं आणि १९४८ पासून ते बाजारात आहे. आधी दहा टक्क्यांचा स्प्रे मारून जिभेखालचं अस्तर बधिर करतात. मग नळीच्या तोंडाशी दोन टक्क्यांचं इंजेक्शन, बरोबर ॲड्रेनालीन, म्हणजे रक्तस्राव कमी आणि असर जास्त वेळ. गरज पडली तर जिभेच्या नसेवर थोडं मागे आणखी एक. शेवटी नळीत शिरल्यावर दुर्बिणीच्या पाण्यातूनच लिग्नोकेन आत सोडतात, नळीची भिंत आतून बधिर व्हावी म्हणून.

प्रत्येक टप्पा छोटा दिसतो, पण औषध सगळं एकाच रक्तात जातं. पन्नास किलोच्या बाईचा हिशेब पाहा. ॲड्रेनालीनसह लिग्नोकेनची नेहमीची मर्यादा किलोमागे सात मिलिग्रॅम, म्हणजे ३५० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम, म्हणजे साडेसतरा मिलिलिटर. ॲड्रेनालीन नसेल तर किलोमागे साडेचार, म्हणजे जेमतेम सव्वाअकरा. आणि स्प्रेचा एक फवारा म्हणजे दहा मिलिग्रॅम. दहा वेळा ‘फुस्स’ केलं की शंभर संपले. स्प्रे हिशेबात धरायचा विसरणं ही यातली जुनी खोड. मात्रा जास्त झाली की ओठांभोवती मुंग्या येतात, जिभेला धातूची चव लागते, कानात घुमतं, आणि पुढं गेलं तर झटके येतात. त्यात तोंडाच्या ऑपरेशनमध्ये जीभ-ओठ आधीच बधिर असतात. पहिला इशारा जिथं मिळायचा तीच जागा आपण मुकी करून ठेवलेली असते. म्हणून लोकलमध्येसुद्धा नाडी, दाब, ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असावं, शिरेत सुई टोचलेली असावी. ‘लोकलच तर आहे’ म्हणून हे सगळं टाळणारं ठिकाण मला पटत नाही.

लोकलचे फायदे मात्र खरे आहेत. पेशंट जागा असतो, स्वतःच गिळतो, खोकतो, तोंडात पाणी साचलं तर हात वर करतो. हृदय अधू असलेल्या, दम्याच्या, वयस्क माणसाला पूर्ण भुलीचा ताण वाचतो. सुटा, छोटा, पुढच्या भागातला खडा. किंवा नुसतं आत डोकावून पाहायचंय. किंवा नळी आकसली आहे, ती धुवून स्टेरॉइड सोडायचंय. अशा कामांना लोकल पुरतं, आणि जगभर मोठ्या संख्येनं ही कामं तशीच होतात.

पण लोकल एका दुखण्यापुढे कमी पडतं. आत पाणी सोडलं की अडलेली ग्रंथी फुगते आणि तिच्या आवरणावर ताण येतो. जेवताना यायची तीच कळ, फक्त आता ती थांबत नाही. तोंडाशी टोचलेलं इंजेक्शन त्या आवरणापर्यंत पोचलेलं नसतं. अनुभवी सर्जन म्हणून पाणी थांबत थांबत सोडतात, मधे ग्रंथी रिकामी होऊ देतात. पाऊण तासापर्यंत बहुतेक लोक हे काढतात; पुढे जबडा उघडा ठेवूनच माणूस थकतो. गालातल्या ग्रंथीचं आणखी एक त्रांगडं आहे. चेहऱ्याची नस या ग्रंथीच्या आतूनच जाते. औषध तिथं पसरलं तर तासदोन तास त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो, डोळा मिटत नाही. औषध उतरलं की सगळं जागेवर येतं, पण आधी सांगितलं नसेल तर बाहेर थांबलेल्या घरच्यांना लकवाच मारल्यासारखं वाटतं. तेवढा वेळ डोळ्यावर पट्टी लावून बुबुळ जपायचं.

मग वाटतं, मधला मार्ग काय वाईट आहे? लोकल द्यायचं, वर शिरेतून थोडं ‘झोपेचं इंजेक्शन’. मिडाझोलम, फेंटानिल, प्रोपोफॉल, नाहीतर डेक्समेडेटोमिडीन. पेशंट गुंगीत, सर्जन शांत, श्वासनळीत नळी नाही. ऐकायला सगळ्यात चांगला सौदा. माझ्या मते तिन्हींत सगळ्यात जास्त विचार करून घ्यायचा पर्याय हाच. जागा माणूस स्वतःचा घसा राखतो. पूर्ण भुलीत ते काम श्वासनळीतली नळी करते. गुंगीतला माणूस धड राखत नाही आणि त्याच्यासाठी दुसरं कुणी राखलेलंही नसतं. त्यात तोंडात सलाईनचा झिरपा चालू. थोडं जास्त गुंगलं की पाणी घशात उतरतं, स्वरयंत्र आकसतं, ऑक्सिजनचा आकडा घसरतो, आणि भूलतज्ज्ञाला डोक्याकडची जागा हवी असते तेव्हा तिथं सर्जन, कॅमेरा आणि चार तारा असतात. हलकी गुंगी, म्हणजे हाक मारली की ओ देईल इतकीच, चांगल्या सक्शनसह आणि शेजारी बसलेल्या भूलतज्ज्ञासह उत्तम चालते. डेक्समेडेटोमिडीन इथं आवडीनं वापरतात, कारण श्वास फारसा दबत नाही. तोंड थोडं कोरडं करतं, तेवढं धरून चालायचं. पण ‘जरा अजून झोपवा’ असं दोनदा म्हणायची वेळ आली, तर त्या पेशंटला पूर्ण भूलच द्यायला हवी होती असं समजावं.

पूर्ण भुलीत श्वासनळीत नळी घालतात, आणि तोंड मोकळं राहावं म्हणून ती शक्यतो नाकातून. नाकात आधी रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब, मग जेली लावलेली साडेसहा-सात नंबरची नळी. तरीही कधी नाकातून थोडं रक्त येतं. घशात मागे ओल्या गॉजची पट्टी भरतात, पाणी आणि खड्याचे तुकडे खाली जाऊ नयेत म्हणून. ही पट्टी ऑपरेशनअखेर काढायची राहिली तर शुद्धीवर येताना पेशंटचा श्वास अडू शकतो. म्हणून ती भरली हे फळ्यावर लिहितात, काढली की मोठ्यानं म्हणतात, आणि चांगल्या ठिकाणी पट्टीचं टोक तोंडाबाहेरच ठेवतात. गालातल्या ग्रंथीचा मोठा खडा बाहेरून छेद घेऊन काढायचा असेल तर आणखी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते. चेहऱ्याच्या नसेवर पहारा ठेवणारं यंत्र स्नायूंची हालचाल टिपतं. दीर्घकाळ स्नायू शिथिल करणारं औषध दिलं तर हालचालच होत नाही, आणि यंत्र ‘सगळं ठीक’ म्हणत गप्प बसतं. तेव्हा नळी घालण्यापुरतं अल्पकाळचं औषध, आणि पुढचं सगळं गाढ भुलीवर.

मोठा किंवा ग्रंथीच्या दारात अडकलेला खडा, अनेक खडे, दोन्ही बाजू, लेझर, छेदाची शक्यता, बोट लागताच उमासा येणारा घसा: इथं पूर्ण भूल सरळ उजवी. लहान मुलं तर सगळीच यात आली. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दर दोन-चार महिन्यांनी ‘गालगुंड’ होतंय असं आई सांगते तेव्हा ते गालगुंड नसण्याचीच शक्यता जास्त. गालगुंड सहसा आयुष्यात एकदा होतं. हा गालातल्या ग्रंथीचा वारंवार उठणारा दाह. नळी धुवून स्टेरॉइड सोडलं की बहुतेकांचे हल्ले कमी होतात, पण त्या वयाचं मूल तोंड उघडून स्वस्थ पडून राहील अशी अपेक्षाच चूक.

इथपर्यंतचं कुठल्याही गावाला लागू आहे. नागपुरात भूलतज्ज्ञ पेशंटला भेटतात तेव्हा कागदपत्रांआधी एक गोष्ट करायला सांगतात: तोंड उघडा, आणि तुमचीच तीन बोटं उभी दातांमध्ये घाला. तीन गेली तर बरं. दोन गेली तर कपाळावर आठी. एकच गेलं तर सोनोग्राफीत खडा तीन मिलिमीटरचा की आठचा, हा प्रश्नच मागे पडतो.

कारण खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला हा प्रकार विदर्भात चौकाचौकात मिळतो. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, घोटणं थांबलं नाही. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल पांढुरका आणि ताठ होतो, तोंड दरवर्षी थोडं थोडं मिटत जातं. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये या आजाराचं वर्णन केलं, पुढच्याच वर्षी जोशी यांनी भारतातून. आज नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या किंवा शासकीय दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत असे रुग्ण शोधावे लागत नाहीत. विशीतली पोरंही असतात.

दाढेला पू झाला म्हणून तोंड उघडत नसेल तर ते दुखण्यामुळे. पूर्ण भूल दिली, स्नायू सैल पडले की जबडा बराचसा उघडतो. खर्ऱ्यानं मिटलेलं तोंड उघडत नाही. तिथं दोरच आखूड झालेले असतात. कितीही गाढ झोपवा, दोन बोटं ती दोन बोटंच. म्हणजे आधी झोपवून मग नळी घालायची नेहमीची पद्धत धोक्याची. पेशंट झोपला, श्वास थांबला आणि तोंडातून रस्ता नाही, ही अवस्था कुठल्याच भूलतज्ज्ञाला नको असते. अशा वेळी पेशंटला जागं ठेवूनच नाकातून लवचीक दुर्बिणीवर नळी चढवतात. नाक, घसा, स्वरयंत्र लिग्नोकेनच्या वाफेनं आणि फवाऱ्यानं बधिर करायचं, दुर्बीण हळूहळू उतरवायची, श्वासनळीच्या कड्या पडद्यावर दिसल्या की नळी सरकवायची, मग झोपेचं औषध. म्हणजे पूर्ण भूल द्यायलाच आधी लोकल लागलं, आणि झायलोकेनचा तो मिलिग्रॅमचा हिशेब इथूनच सुरू झाला.

‘मग लोकलवरच करा की’, हे सुचतंच. पण सर्जनलाही तोंडात दुर्बीण, सळई आणि निदान एक बोट एकाच वेळी घालायचं असतं. जबड्याखालच्या ग्रंथीचं तोंड पुढे, दातांच्या मागेच असल्यानं दोन बोटांच्या उघडीपातून कसंबसं जमतं. गालातल्या ग्रंथीचं तोंड मागे, दुसऱ्या दाढेपाशी. ताठ झालेल्या गालात तिथवर पोचणंच मुश्किल. मग आधी महिनाभर तोंड उघडायचे व्यायाम, खर्रा बंद, आणि तोवर आंबट टाळून, पाणी पिऊन, जंतुसंसर्ग असेल तर औषधं घेऊन थांबणं, हाही निर्णयच असतो. कधी फिरून मानेवरचा जुना चिराच जास्त सुरक्षित ठरतो. पानठेल्याचा हिशेब म्हणालो तो हा.

आणि हे लपवायचं तर अजिबात नाही. बायको शेजारी बसलेली असते, भूलतज्ज्ञ विचारतात, ‘खर्रा?’ उत्तर येतं, ‘नाही, कधीमधी.’ गाल आत पाहिला की ते कधीमधी कळतंच. ऑपरेशनच्या सकाळी ‘उपाशी आहे, फक्त एक खर्रा खाल्ला’ असं सांगणारेही भेटतात. ते उपाशीपण नव्हे. तोंडात तुकडे उरतात, ते घशात जाऊ शकतात, आणि निकोटीननं ठोके वाढलेले असतात.

उपाशी राहण्याचं दुसरं टोकही इथं पाहावं. ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंब नाही’ हे अनेक घरांत शब्दशः पाळतात, आणि नंबर लागतो दुपारी दोनला, मे महिन्यात. सर्वसाधारण नियम तसा नाही. हलकं जेवण आणि दुधाचा चहा सहा तास आधीपर्यंत, तेलकट-मटणाचं, म्हणजे आदल्या रात्रीचा सावजी रस्सा, आठ तास आधीपर्यंत. पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. लाळेच्या ऑपरेशनला सुकलेला पेशंट आणला तर तो थेंब काही टपकत नाही. आपल्या पेशंटला नेमकं किती वाजेपर्यंत पाणी चालेल हे भूलतज्ज्ञांकडून घड्याळातली वेळ घेऊन लिहून घ्यावं.

विदर्भात आणखी एक तपासणी सवयीनं होते, ती सिकल सेलची. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकल सेलबद्दल लिहिलं, तेव्हापासून इथल्या डॉक्टरांना तो ठाऊक आहे, देशपातळीवरचं निर्मूलन अभियान २०२३ मध्ये आलं. नुसता वाहक असेल तर सहसा अडत नाही. पण आजार असलेल्या माणसात ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी घटलं, एसीच्या थिएटरात अंग गार पडलं, की लाल पेशी विळ्यासारख्या होऊन रक्तवाहिन्या अडवतात. अशा रुग्णाला अर्धवट गुंगीत ऑक्सिजन घसरू देणं सगळ्यात वाईट. एक तर शांतपणे पार पडेल असं छोटं लोकल, नाहीतर सलाईन, ऑक्सिजन, ऊब सगळं सांभाळून दिलेली पूर्ण भूल. मधलं काही नको.

खडा निघाल्यावरही काम संपत नाही. नळीला कुठं भोक पडलं असेल तर आत सोडलेलं पाणी जिभेखालच्या मऊ भागात पसरतं, तिथं सूज येते आणि जीभ वर उचलली जाते. जागा पेशंट लगेच सांगतो, ‘जीभ जाड वाटतेय’. झोपलेला सांगत नाही. म्हणून पूर्ण भूल उतरवण्याआधी भूलतज्ज्ञ जिभेखालचा भाग दाबून पाहतात, सूज असेल तर डेक्सामिथासोन देऊन नळी काही वेळ तशीच ठेवतात. जबड्याखाली किंवा गालावर थोडी सूज मात्र जवळपास सगळ्यांनाच येते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. लोकलनंतर बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, गरम चहा नको आणि चावायचं काही नको. जीभ चावली गेलेली कळत नाही. दुसऱ्या दिवसापासून भरपूर पाणी, आंबट चघळणं आणि मागून पुढे ग्रंथी चोळणं सुरू करायचं, नळी वाहती राहायला. घरी गेल्यावर त्या रात्री जिभेखाली फुगत चाललं, आवाज बदलला, गिळता येईना किंवा श्वासाला अडायला लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. डॉक्टरांना फोनही रस्त्यातच करायचा, आणि मेडिकल, मेयो, जे रुग्णालय जवळ असेल त्याच्या कॅज्युअल्टीत पोचून आधी सांगायचं की आज लाळेच्या नळीचं ऑपरेशन झालंय आणि भूल अमुक दिली होती.